बालकासाठी लहान पाळीव प्राण्याची निवड : मांजरसुंबा (जि. बीड) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
मुलासाठी पाळीव प्राणी निवडणे ही वरवर पाहता घरगुती व किरकोळ बाब वाटते. प्रत्यक्षात तीत बालमानस, सार्वजनिक आरोग्य, वन्यजीवविषयक कायदा आणि कुटुंबाचे अर्थकारण या चारही बाजू एकवटलेल्या असतात. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्यातील मांजरसुंबा परिसर डोळ्यांसमोर ठेवून या निवडीचे विवेचन केले आहे. ग्रामीण भागात मुलाच्या हाती सर्वांत सहज येणारे प्राणी बहुधा एकतर कायद्याने निषिद्ध असतात किंवा अल्पायुषी ठरतात. उलट घरच्या दावणीचे व खुराड्यातले प्राणी योग्य असूनही 'पाळीव मित्र' म्हणून विचारात घेतले जात नाहीत, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : पाळीव प्राणी, बालसंगोपन, वन्यजीव संरक्षण अधिनियम, रेबीज, ऊसतोड स्थलांतर, मांजरसुंबा.

१. प्रस्तावना

मूल चार-पाच वर्षांचे झाले की 'आपल्याकडे एखादे पिल्लू आणू या' हा हट्ट बहुतेक घरांतून एकदा तरी ऐकू येतो. शहरातील पालक अशा वेळी पाळीव प्राण्यांच्या दुकानात जातात. तेथे किमान किंमत, जात, पिंजरा यांविषयी विचारपूस होते. खेड्यात मात्र प्राणी निवडला जात नाही. तो घरी येतो. कापणीच्या वेळी रानात सापडलेले सशाचे पिल्लू, वाऱ्याने घरट्यातून पडलेले पोपटाचे पिल्लू, आठवडी बाजारातून मुलाने मागून घेतलेले गुलाबी रंगाचे कोंबडीचे पिल्लू, शेजारच्या मांजरीने माळ्यावर घातलेल्या पिलांपैकी एक, अशा वाटांनी हे प्राणी मुलाच्या ओंजळीत येऊन पडतात. विचार नंतर होतो आणि तोवर मुलाचा जीव त्या पिलात गुंतलेला असतो. म्हणूनच या प्रश्नाचा विचार आधी होणे अगत्याचे आहे.

२. उद्दिष्टे

(अ) बालकाच्या वाढीत पाळीव प्राण्याचे स्थान स्पष्ट करणे.
(ब) परिसरात सहज मिळणाऱ्या प्राण्यांचा कायदा, आरोग्य व प्राण्याचे हित या दृष्टींनी तौलनिक विचार करणे.
(क) स्थानिक परिस्थितीला अनुरूप असे निवडीचे निकष सुचविणे.

३. परिसराची पार्श्वभूमी

मांजरसुंबा हे बीड तालुक्यातील गाव बालाघाटच्या डोंगररांगेत धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. पाटोदा व केज या दोन्ही दिशांना जाणारे रस्ते येथेच मिळत असल्याने गावाला चौफुल्याचे स्वरूप आले आहे. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले कपिलधार तीर्थक्षेत्र जवळच आहे. पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे मोरांसाठी राखलेले अभयारण्यही याच डोंगराळ भागात येते. नेकनूरचा जनावरांचा बाजार पंचक्रोशीत परिचित आहे.

या परिसराची तीन वैशिष्ट्ये प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहेत. पहिले म्हणजे रानाची जवळीक. शेत, माळ आणि डोंगर एकमेकांना लागून असल्याने वन्य प्राण्यांची पिल्ले मुलांच्या दृष्टीस वारंवार पडतात. दुसरे म्हणजे उष्णता व पाणीटंचाई. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर जातो. २०१२-१३, २०१५-१६ व २०१८-१९ या दुष्काळी वर्षांत जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे ऊसतोडीचे हंगामी स्थलांतर. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुले कधी आईवडिलांबरोबर जातात, कधी आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. ज्या घराचे दार वर्षातील पाच-सहा महिने बंद असते, त्या घरात प्राणी कोणता आणावा, या प्रश्नाचे उत्तर शहरी पालकासाठी लिहिलेल्या पुस्तकांतून सहसा मिळत नाही.

४. बालविकास आणि पाळीव प्राणी

प्राण्याच्या सहवासाचा मुलाच्या मनावर होणारा परिणाम हा मानसशास्त्राच्या अभ्यासाचा विषय तुलनेने उशिरा झाला. अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, इतरांशी संवाद टाळणारे मूल कुत्र्याच्या उपस्थितीत मोकळे होते, असे निरीक्षण मांडले. त्यातून पुढे प्राणीसहाय्यित उपचारपद्धतीचा विकास झाला. सर्वसामान्य मुलाच्या बाबतीतही प्राणी परीक्षा घेत नाही, तुलना करत नाही आणि बोललेले दुसऱ्याला सांगत नाही. त्यामुळे मूल त्याच्यापाशी निर्धास्त असते.

तथापि 'प्राणी आणला की मूल आपोआप जबाबदार होते' ही समजूत तपासून घ्यावयास हवी. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला स्वतःच्या हातांच्या दाबाचा अंदाज नसतो. प्रेमाने आवळणे आणि चिरडणे यांतील भेद त्याला कळत नाही. सहा ते नऊ या वयात मूल पाणी ठेवणे, दाणे टाकणे अशी ठरावीक कामे मोठ्यांच्या देखरेखीखाली करू शकते. दहा वर्षांनंतर स्वच्छता व आजाराची लक्षणे ओळखणे यांसारखी कामे सोपविता येतात. कोणत्याही वयात प्राण्याची अंतिम जबाबदारी मात्र प्रौढ व्यक्तीचीच राहते. मूल कंटाळले म्हणून प्राण्याची भूक थांबत नाही.

प्राण्याचा मृत्यू हा या अनुभवाचा अटळ भाग आहे. हंगेरीतील मुलांविषयी मारिया नॉज यांनी केलेल्या व १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, पाच वर्षांखालील मुले मृत्यूला झोपेसारखे किंवा दूर जाण्यासारखे समजतात. मृत्यू अंतिम व सर्वांना अटळ असल्याची जाणीव नवव्या वर्षाच्या सुमारास स्थिर होते. त्यामुळे लहान मुलाला 'ते झोपले आहे' किंवा 'पळून गेले' असे सांगितल्यास ते पिल्लू परत येण्याची वाट पाहत राहते. सत्य सौम्य शब्दांत सांगणे हेच हितावह होय.

५. रानातून येणारे प्राणी : कायद्याची मर्यादा

ग्रामीण मुलाला सर्वाधिक ओढ पोपटाची असते. हिरव्या रंगाचा, लाल चोचीचा, गळ्याभोवती पट्टा असलेला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा असल्यामुळे तो गुन्हा आहे हे सुशिक्षितांनाही अनेकदा ठाऊक नसते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये हा पोपट संरक्षित आहे. देशी वन्य पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. २०२२ मध्ये झालेली आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेली दुरुस्ती अनुसूचींची फेररचना करणारी असून तीनुसार देशी पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. मुनिया, साळुंकी, रानससा हेही पाळता येत नाहीत. मोर, काळवीट आणि पाठीवर चांदणीसारखी नक्षी असलेले तारा कासव पहिल्या अनुसूचीत येतात. त्यांच्याबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कारावास व किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. अधिनियमात 'शिकार' या संज्ञेत केवळ मारणे नव्हे, तर पकडणे व सापळ्यात अडकविणेही अंतर्भूत आहे, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

कायद्यामागील कारण समजल्यास त्याचे पालन सुकर होते. पिंजऱ्यातील एका पोपटामागे ढोलीतून काढताना, वाहतुकीत व उपासमारीत मेलेली इतर पिल्ले असतात. शिवाय रानातील पिल्लू लहान राहत नाही. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३९ चे पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या आणि राम पटवर्धन यांनी 'पाडस' या नावाने मराठीत आणलेल्या कादंबरीत हाच प्रश्न केंद्रस्थानी आहे. एकाकी मुलाने जीव लावून वाढविलेले हरणाचे पाडस मोठे होते, कुटुंबाचे पीक उद्ध्वस्त करू लागते, आणि शेवटी त्या मुलालाच त्याचा अंत करावा लागतो. शेतात सापडलेले काळविटाचे पाडस किंवा सशाचे पिल्लू घरी आणणाऱ्या कुटुंबापुढे हीच कोंडी निराळ्या रूपात उभी राहते.

येथे एक वस्तुस्थिती मुलांना आवर्जून सांगावी. हरिणी व ससाणी आपली पिल्ले दिवसा गवतात एकटी दडवून ठेवतात आणि ठरावीक वेळी येऊन पाजतात. त्यामुळे एकटे दिसलेले प्रत्येक पिल्लू पोरके नसते. ते जागेवरच ठेवणे ही त्याला केलेली मोठी मदत होय. पिल्लू जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळविता येते. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे जखमी वन्यजीवांची शुश्रूषा करणारे केंद्रही आहे.

६. बाजारातून येणारे प्राणी

६.१ रंगीत पिल्ले : बाजारात व जत्रांत गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगांत बुडविलेली कोंबडीची पिल्ले स्वस्तात विकली जातात. अंडी देणाऱ्या जातींच्या उबवणी केंद्रांत निघालेली नर पिल्ले व्यवसायाच्या दृष्टीने निरुपयोगी असतात. त्यांतील काही अशा रीतीने बाजारात येतात. कोंबडीच्या पिलाला पहिल्या आठवड्यात सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस उबेची गरज असते. आईवाचून व दिव्याच्या उबेवाचून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेले पिल्लू दोन-चार दिवसांत दगावते. मुलाला मिळणारा पहिला धडा मग पालनाचा नसून वापरून टाकण्याचा ठरतो. ही खरेदी टाळावी.

६.२ पांढरा ससा : हा विदेशी वंशाचा पाळीव ससा पाळण्यास कायद्याची आडकाठी नाही. त्याचे आयुष्य आठ ते बारा वर्षांचे असते. तथापि त्याला घाम येत नाही. तो अंगातील उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि तापमान तिशीपलीकडे गेले की त्याला त्रास होऊ लागतो. पत्र्याच्या घरात मांजरसुंब्याचा उन्हाळा त्याला प्राणघातक ठरू शकतो. त्याचा कणा नाजूक असल्याने मुलाच्या हातातून सुटण्यासाठी त्याने झटका दिला तरी तो मोडू शकतो. मऊ दिसणारा हा प्राणी लहान मुलासाठी सोपा नाही.

६.३ गिनी पिग : शांत स्वभावामुळे हा प्राणी मुलांना योग्य मानला जातो. मात्र त्याचे शरीर 'क' जीवनसत्त्व तयार करू शकत नाही; पेरू, कोथिंबीर यांसारखा ताजा आहार त्याला रोज लागतो. तो कळपात राहणारा असल्याने एकटा झुरतो, आणि उष्णताही त्याला सोसत नाही.

६.४ बजरीगर : आपल्याकडे सरसकट 'लव्ह बर्ड' म्हणून विकला जाणारा हा छोटा पोपट ऑस्ट्रेलियातील कोरड्या प्रदेशातला असून येथे तो पाळता येतो. राळ्यासारखे धान्य, रोजचे स्वच्छ पाणी, जोडीदार आणि पंख पसरता येतील एवढा पिंजरा ही त्याची किमान गरज आहे. देशी पोपटाचा हट्ट धरणाऱ्या मुलासाठी हा वैध पर्याय ठरतो.

६.५ गप्पी मासे : डासांच्या अळ्या खाणारे हे मासे आरोग्य विभागामार्फत पाण्याच्या साठ्यांत सोडले जातात, त्यामुळे ते गावोगावी परिचित आहेत. काचेच्या रुंद भांड्यात वा टाकीत ते सहज राहतात. ते अंडी न घालता थेट पिल्ले देत असल्याने मुलाला जननाची प्रक्रिया पाहता येते. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे, आणि बदललेले पाणी झाडांना घालावे. पाणीटंचाईच्या काळातही एवढे पाणी वाया जात नाही. मात्र हे मासे ओढ्यात किंवा कुंडात सोडू नयेत. मूळच्या जलचरांना ते उपद्रवी ठरतात.

७. घरचेच प्राणी : दुर्लक्षित पर्याय

गावरान कोंबडी, शेळीचे करडू, देशी मांजर व गावठी कुत्रे हे प्राणी या हवामानाला सरावलेले आहेत आणि त्यांचे पालनज्ञान आजी-आजोबांकडे उपलब्ध आहे. त्यांना 'पाळीव मित्र' म्हणून प्रतिष्ठा नाही, एवढेच काय ते उणे.

दोन-तीन गावरान तलंगा ही सात-आठ वर्षांच्या मुलासाठी उत्तम सुरुवात होय. सकाळी खुराडे उघडणे, दाणे टाकणे, अंडी गोळा करणे, सायंकाळी मोजून आत घेणे या दिनक्रमातून नियमितपणा अंगी बाणतो. मानमोडीच्या (राणीखेत) प्रतिबंधासाठी लसीकरण आवश्यक आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लूने कोंबड्या दगावल्या होत्या. त्यामुळे अचानक मरतूक दिसल्यास मुलाला दूर ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

उस्मानाबादी शेळी ही मराठवाड्याची स्वतःची, काटक जात आहे. तिचे करडू मुलाच्या मागे मागे फिरते. येथे मात्र एक अवघड प्रश्न उभा राहतो. शेतकरी घरात करडू हे उत्पन्नाचे साधन असते. पाठ वंशासाठी ठेवली जाते. बोकड विकला किंवा कापला जातो. ज्या बोकडाला मुलाने नाव दिले, हाताने पाला भरविला, तो शाळेतून परत येईपर्यंत विकला गेलेला असणे हा अनुभव अनेक ग्रामीण बालपणांत खोल रुतून बसतो. हे टाळण्याचा मार्ग एकच आहे: मुलाच्या हवाली द्यावयाचे करडू पाठच असावे, आणि ती विकली जाणार नाही हा शब्द मोठ्यांनी पाळावा. तसे शक्य नसेल तर सत्य पहिल्याच दिवशी सांगावे. मूल दारिद्र्य समजू शकते. फसवणूक विसरत नाही. ऊसतोडीला जाताना काही कुटुंबे बैलांबरोबर शेळ्याही नेतात, हीदेखील या पर्यायाची जमेची बाजू आहे.

मांजर स्वतःची स्वच्छता स्वतः राखते व उंदरांचा बंदोबस्त करते. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. गाईचे दूध अनेक मांजरांना पचत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मांजरी वयाच्या चौथ्या-सहाव्या महिन्यापासून गाभण राहू शकते, त्यामुळे नसबंदीचा विचार वेळीच करावा. घरात गर्भवती स्त्री असल्यास मांजराची विष्ठा तिने हाताळू नये. महामार्गालगतच्या घरांनी मात्र मांजर वा कुत्रे आणण्यापूर्वी वाहनांच्या धोक्याचा विचार करावा.

८. आरोग्याची बाजू

लहान मुलांच्या संदर्भात सर्वांत गंभीर आजार रेबीज हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, संशयित प्राण्याने चावा घेतलेल्या व्यक्तींपैकी सुमारे ४० टक्के मुले पंधरा वर्षांखालील असतात. मुलाची उंची कमी असल्याने चावा चेहऱ्यावर वा मानेवर होण्याची शक्यता अधिक असते, आणि असा चावा अधिक घातक ठरतो. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो. परंतु वेळीच उपचार झाल्यास तो पूर्णतः टाळता येतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी ज्याला पहिली लस टोचली तो जोसेफ माइस्टर हाही नऊ वर्षांचा मुलगाच होता.

चावल्यानंतर जखमेवर हळद, चुना किंवा मिरचीपूड लावण्याची प्रथा हानिकारक आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लसीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. पाळलेल्या कुत्र्या-मांजराला साधारण तिसऱ्या महिन्यात पहिली रेबीज लस व पुढे दरवर्षी मात्रा द्यावी. 'मला बोलतील' या भीतीने मुले ओरखडा वा चावा लपवितात. तो लपविणार नाही एवढा विश्वास घरात असणे हाच सर्वांत स्वस्त प्रतिबंध आहे.

याखेरीज जंत, गजकर्ण, कोंबड्या व कासवांपासून होणारा साल्मोनेला, शेळीच्या कच्च्या दुधातून होणारा ब्रुसेलोसिस यांपासून बचावासाठी हात धुणे, दूध उकळणे व प्राण्याला जंतनाशक देणे पुरेसे प्रभावी ठरते. पाच वर्षांखालील मुलांनी कोंबडीची पिल्ले व कासवे हाताळणे टाळावे.

९. निवडीचे निकष

उपरोक्त विवेचनाच्या आधारे प्राणी आणण्यापूर्वी कुटुंबाने पुढील प्रश्न विचारावेत.

(१) हा प्राणी पाळणे कायद्याने मान्य आहे काय?
(२) त्याचे आयुष्य किती आणि तेवढी वर्षे मूल व कुटुंब कोठे असणार?
(३) एप्रिल-मे महिन्यांत त्याच्यासाठी सावली व पाणी आहे काय?
(४) दिवाळी ते होळी या काळात त्याला कोण सांभाळणार? त्या व्यक्तीची संमती घेतली आहे काय?
(५) त्याची लस व औषधोपचार जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात उपलब्ध आहेत काय?
(६) तो विकला वा कापला जाणार असल्यास मुलाला तसे सांगितले आहे काय?
(७) मुलाचे वय त्याच्या हाताळणीस योग्य आहे काय?

यांपैकी चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'शेजारी बघतील' असे असल्यास प्राणी आणू नये. अशा मुलासाठी शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या आवारातील माशांची टाकी हा सामूहिक पर्याय विचारात घेता येईल. मात्र तेथेही सुट्ट्यांतील देखभाल एका ठरावीक प्रौढ व्यक्तीकडे सोपविलेली असावी.

१०. महाविद्यालयांची भूमिका

या विषयात ग्रामीण महाविद्यालये उपयुक्त कार्य करू शकतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसीय विशेष शिबिरात दत्तक गावी स्थानिक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सहकार्याने कुत्र्या-मांजरांचे रेबीज लसीकरण घेता येईल. २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनी प्राथमिक शाळांत जखम धुण्याचे प्रात्यक्षिक दाखविणे प्राणिशास्त्र विभागास सहज शक्य आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ऊसतोड कुटुंबांतील मुले व त्यांचे प्राणी हा क्षेत्रीय प्रकल्पासाठी विषय देता येईल. उदगीर व परभणी येथील पशुवैद्यक महाविद्यालयांतील तज्ज्ञांचे मार्गदर्शनही मराठवाड्यातील संस्थांना आवाक्यातले आहे.

११. निष्कर्ष

मांजरसुंब्यासारख्या परिसरात मुलासाठी योग्य लहान प्राणी शोधण्यास दूर जावे लागत नाही. पाच वर्षांखालील मुलास केवळ मोठ्यांच्या सोबतीने प्राण्यांचा सहवास द्यावा. त्यापुढील वयात गप्पी मासे वा गावरान कोंबड्या, आणि दहाव्या वर्षानंतर लसीकरण झालेले मांजर, कुत्रे किंवा न विकण्याच्या बोलीवर दिलेली पाठ हे पर्याय या परिस्थितीत रास्त ठरतात. देशी पोपट, रानससा, काळवीट व तारा कासव यांची जागा रानातच आहे, आणि रंगीत पिल्ले विकत न घेणे हे मुलाला दयाबुद्धी शिकविण्याचे सोपे निमित्त आहे. हे सर्व करूनही ज्या घरांना वर्षातील सहा महिने परमुलखात काढावे लागतात, त्यांनी 'आत्ता नको' असे मुलाला कारणासह सांगणे हीदेखील एक विचारपूर्वक केलेली निवड आहे. तिला प्राण्याविषयीची अनास्था समजू नये.